पडझडीचे चित्र आणि चित्राबाहेर राहिलेली माणसे

३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र. शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. गर्डर उचलून बसवणारे यंत्र गर्डरसकट खाली आले. वीस जण दगावले, त्यातले बहुतेक पोटासाठी दुसऱ्या राज्यांतून आलेले. उजाडले तेव्हा त्या जागेचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पोचले होते. आम्हीही बातमीबरोबर त्यातलाच एक लावला. उंचावरून घेतलेला. चिखल, पिळवटलेले लोखंड, दोन खांबांमधली रिकामी जागा, आणि खाली बचावपथकातल्या माणसांच्या हेल्मेटचे ठिपके. फोटो चांगला होता हे कबूल करायला हवे. पाहणारा त्यावर थांबत होता.

नंतर मृतांची यादी आली. नाव, वय, राज्य. ती यादी त्या फोटोशी कुणी जोडली नाही, आम्हीही नाही. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आता तिथून गाडी जाते तेव्हा काचेबाहेर डोंगर दिसतात, पावसाळ्यात धबधबे दिसतात. कलेच्या पुस्तकांत ज्याला अवशेष म्हणतात तसे तिथे काही उरलेले नाही. भंगार उचलले गेले, पूल पूर्ण झाला. उरला तो फोटो.

म्हणून हा लेख. बंद पडलेली गिरणी, पाण्याखाली गेलेले गाव, दरडीखाली गेलेली वाडी, अपघाताची जागा हे सगळे चित्रकार आणि छायाचित्रकार कसे दाखवत आले आहेत, त्यात माणूस कुठे असतो, आणि शहापूर-मुरबाडमध्ये बसून ती चित्रे आपण कशी पाहायची, एवढेच मांडायचे आहे.

पडक्या वास्तूंची आवड युरोपात जुनी आहे. अठराव्या शतकात तिथल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात रोमच्या भग्न कमानींची चित्रे असणे हे अभिरुचीचे लक्षण मानले जाई. युबेर रोबेर नावाच्या फ्रेंच चित्रकाराची तर त्यात ख्याती होती. त्याने १७९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे चित्र काढले. इमारत धडधाकट उभी असताना ती कोसळून पडली आहे अशी कल्पना करून. म्हणजे अवशेष नसतील तर कल्पनेने तयार करावेत इतकी ती गोडी होती. जवळपास त्याच काळात, १७९३ मध्ये, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चुलते-पुतणे मुंबईत आले आणि साष्टीतल्या लेण्यांची चित्रे काढून गेले. अशा चित्रांत स्थानिक माणूस असतो. पण बहुतेक वेळा तो उभा असतो खांबाची उंची किती हे कळावे म्हणून. मोजपट्टीसारखा.

हीच मोजपट्टी आजच्या ड्रोनच्या फोटोत हेल्मेट घालून उभी असते.

कॅमेरा आल्यावर गोष्ट आणखी अवघड झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या लोकांना रांगेत बसवून फोटो काढले. त्या काळीही त्यावर टीका झाली, कारण फोटोसाठी त्यांना नीट बसवायला वेळ होता. त्या फोटोंत एकाचेही नाव नाही. तोच दुष्काळ आपल्याकडेही होता. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की पुढे जुन्नर तालुक्यातले ओतूर लागते. तिथूनच २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. गावे सोडून निघालेले लोक, तडफडणारी जनावरे आणि सत्यशोधकांनी चालवलेले मदतीचे काम, हे सगळे त्या पत्रात आहे. हूपरचे फोटो पाहताना हे पत्र शेजारी ठेवावे. दोन्ही एकाच दुष्काळाची कागदपत्रे आहेत. एकात लिहिणारी बाई दुष्काळाच्या आत उभी आहे, दुसऱ्यात कॅमेरेवाला तिपाईमागे.

आधुनिक अवशेषांचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे. मोटारींचे कारखाने बंद पडत गेले, वस्ती ओसरली, आणि मग जगभरचे छायाचित्रकार तिथे येऊ लागले. ईव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या दोघा फ्रेंच छायाचित्रकारांचे त्या शहराच्या अवशेषांवरचे पुस्तक २०१० मध्ये निघाले. छत गळलेली नाट्यगृहे, शेवाळ चढलेली ग्रंथालये, भिंतीवर वितळलेले घड्याळ. फोटो देखणे आहेत. पण डेट्रॉइटमधल्या लोकांचा आक्षेप साधा होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहरात सात लाखांहून जास्त माणसे राहत होती आणि त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ते या फोटोंत कुठे आहेत? शहर मेले असे दाखवायचे तर राहणाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांचेही तसेच झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाखांच्या घरातले कामगार देशोधडीला लागले. आज त्यातली एखादी चिमणी मॉलच्या अंगणात शोभेला उभी असते आणि विटांच्या उघड्या भिंतीसमोर लग्नाआधीचे फोटो काढले जातात. त्या भिंतीला जे सांगता येत नाही ते असे : कापड खात्यात, म्हणजे जिथे मजुरी जास्त तिथे, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धागा तुटला की तो तोंडाने ओढून जोडावा लागे, आणि विटाळ नको म्हणून आपल्या माणसांना कमी पगाराच्या खात्यांत ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला. पडक्या गिरणीचा कितीही सुंदर फोटो काढा, कुठल्या दारातून कोणाला आत सोडत नव्हते हे त्यात येत नाही. ते कुणीतरी सांगावे लागते.

याच गिरणगावाचे वेगळे चित्र ठाण्यात राहणाऱ्या सुधीर पटवर्धनांनी काढले. पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट. १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात त्यांनी तो व्यवसाय केला आणि त्यासोबत चित्रे काढली. त्यांच्या २००१ च्या ‘लोअर परळ’ या चित्रात जुना गिरणीभाग आहे, मागून वर येणारी नवी बांधकामे आहेत, आणि या दोन्हींच्या मध्ये आपापल्या कामाला निघालेली माणसे आहेत. अवशेष आहेत पण ओसाडी नाही. एक्स-रे पाहण्यात आयुष्य गेलेला हा माणूस शहराच्या हाडांबरोबर मांसही दाखवतो, असे आम्हाला वाटते. २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांचे कामही इथे सांगायला हवे. गाव कोळशाच्या खाणीचे, घरची जमीन खाणीत गेलेली. पाचपुते चित्र काढतात तेच मुळी कोळशाने, आणि पुष्कळदा थेट भिंतीवर. त्यांच्या खाणकामगाराच्या धडावर डोक्याऐवजी कधी दिवा असतो, कधी एखादे अवजार. खणून पोकळ झालेली जमीन आणि खणणारा माणूस त्यांच्या चित्रात वेगळे काढता येत नाहीत. प्रदर्शन संपले की भिंतीवरचे चित्र पुसले जाते. खाणीचे आणि चित्राचे नशीब एकच.

आता थोडे आपल्या वाटेवर येऊ. मुरबाडकडून अहिल्यानगरच्या रस्त्याने जाताना वैशाखरे सोडले की नाणेघाटाची वाट लागते. आपल्यातले पुष्कळ जण पावसाळ्यात ती चढले असतील. वरच्या लेण्यात नागनिकेचा मोठा शिलालेख आहे हे सगळे सांगतात, पण मागची भिंत फार कमी जण निरखून पाहतात. तिथे सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या वर ब्राह्मीत नाव. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी आणि इतर. प्रतिमा गेल्या. कुठे पावलांच्या खुणा राहिल्या आहेत. वरची नावे मात्र शिल्लक आहेत.

सरळांब्याच्या फोटोत नेमके याच्या उलट आहे. आकृत्या आहेत, नावे नाहीत.

अर्थात नाणेघाटातली नावे राजघराण्याची आहेत. त्या घाटातून कल्याण ते जुन्नर बैलांवर आणि डोक्यावर माल वाहणाऱ्यांचे, कातळात पायऱ्या खोदणाऱ्यांचे नाव तिथे नाही. पण नावे फक्त राजांचीच कोरायची असा दंडक त्या काळी नव्हता, हे लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात दिसते. तिथे चौदा छोट्या स्तूपांचा समूह आहे. हे स्तूप तिथल्या दिवंगत थेरांचे स्मारक म्हणून कोरले गेले आणि काहींवर त्यांची नावे आहेत : धम्मगिरी, संघदिन, अंपिकिनक. कुणी मोठे दानशूर सेठी नव्हेत, राजे नव्हेत. कान्हेरीलाही एका लांबट उघड्या ओवरीत विटांच्या स्तूपांचे अवशेष सापडले, सोबत थेरांची नावे असलेले लेखही. म्हणजे माणूस गेल्यानंतर त्याच्या जागी काय उभारायचे, या प्रश्नाला आपल्या परंपरेने दोन हजार वर्षांपूर्वी एक उत्तर दिलेले आहे. साधा घुमटाकार दगड आणि त्यावर नाव.

इथे एक शंका नेहमी येते. सर्व काही अनिच्च आहे, मग पडझडीचे आणि मेलेल्यांचे इतके कशाला? या शंकेचा उपयोग अलीकडे फार सोयीने केला जातो. कंत्राटदाराच्या हलगर्जीपणालाही अनिच्च म्हटले की विषय मिटतो. महासतिपट्ठान सुत्तात नवसीवथिका आहे, म्हणजे स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन. फुगलेले, निळे पडलेले शरीर ते विखुरलेली हाडे आणि शेवटी हाडांचा चुरा. आपत्तीनंतरच्या चित्रणाचा इतका रोखठोक नमुना दुसरा सापडणे कठीण. पण प्रत्येक अवस्थेनंतर भिक्खूने काय करायचे आहे ते महत्त्वाचे. माझे शरीरही याच स्वभावाचे आहे, ते यातून सुटलेले नाही, असे त्याने स्वतःकडे वळून पाहायचे आहे. पाहणारा बाहेर राहूच शकत नाही. डेट्रॉइटच्या पुस्तकात किंवा ड्रोनच्या फोटोत पाहणाऱ्याला बाहेर राहण्याची सोय असते. तो सुरक्षित, पाहिले जाणारे संपलेले.

ही सोय मोडणारे काम कसे असते हे जपानच्या मारुकी दांपत्याने दाखवले. इरी मारुकी यांचे कुटुंब हिरोशिमाचे. बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच इरी आणि त्यांच्या पत्नी तोशी तिथे पोचल्या. १९५० पासून बत्तीस वर्षे त्यांनी हिरोशिमा-नागासाकीवरचे पंधरा मोठे चित्रपट रंगवले. हिरोशिमा म्हटले की आपल्याला पडक्या घुमटाची इमारत आठवते. या चित्रांत इमारती जवळजवळ नाहीतच. नुसती माणसे, एकमेकांत अडकलेली, पाठीमागे कोरा कागद. पुढे त्यांच्या लक्षात आले की मरणातही सगळे सारखे नव्हते. १९७२ च्या ‘कावळे’ या चित्राचा विषय तो आहे : तिथे राबणाऱ्या कोरियन लोकांची प्रेते सर्वांत शेवटपर्यंत तशीच पडून राहिली आणि त्यांच्यावर कावळे उतरले. हे वाचताना आपल्याला फार लांबचे वाटत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमला प्रेते उचलण्यासाठी ठिकठिकाणचे सफाई कामगार नेले गेले. ते कोणत्या समाजाचे होते हे सांगायची गरज नाही. त्सुनामीचे फोटो लाखो निघाले. उचलणारे हात त्यातल्या किती फोटोंत आहेत?

आपल्या देशातले एक जुने उदाहरण आम्हाला या सगळ्यांत अधिक जवळचे वाटते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला आणि शाईने रेखाटने करत गेला. पुष्कळ रेखाटनांवर त्याने त्या माणसाचे नाव लिहिले, तो काय काम करायचा तेही लिहिले. हे ‘हंग्री बेंगॉल’ नावाने छापले गेले आणि इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जाळल्या. हूपरचे नावाविना फोटो सरकारला चालले, चित्तप्रसादची नावासकट रेखाटने चालली नाहीत. चित्तप्रसाद पुढे बरीच वर्षे मुंबईत अंधेरीला राहिला.

नावाने काय फरक पडतो ते याच महाराष्ट्रात पाहा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. बातमी बाहेर आली ती एका एसटी चालकामुळे, कारण नेहमीच्या फेरीला आलेल्या त्याला गावच दिसेना. सरळांब्याच्या बारा दिवस आधी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी तशीच गेली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. इर्शाळगडाचे फोटो ट्रेकर मंडळींकडे ढिगाने होते, त्यात पायथ्याची ठाकरांची कौलारू वाडी सुंदर दिसायची. दुर्घटनेनंतर तेच जुने फोटो ‘आधी आणि नंतर’ म्हणून फिरले. वाडी आधीही देखावा होती आणि नंतरही देखावाच राहिली.

शहापूरला अशी रात्रीत होणारी आपत्ती क्वचित येते. इथली आपत्ती हळू चालते, आणि तिचे चित्र तर फारच देखणे निघते. तानसा धरण १८९२ चे. भातसातून आज मुंबईचे जवळपास अर्धे पाणी जाते. मोडकसागर, मध्य वैतरणा याच पट्ट्यात. दर जुलैमध्ये तलाव भरून वाहू लागला की त्याचा फोटो मुंबईच्या प्रत्येक वर्तमानपत्रात येतो, आणि एप्रिल-मे मध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरभोवती हंडे लागलेले असतात. दोन्ही फोटो छापले जातात पण कधीही एका पानावर नाहीत. पाण्याखाली गेलेली शेते, विहिरी, चावडी हेही आधुनिक अवशेषच आहेत, फक्त ते दिसत नाहीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की कधी एखाद्या जोत्याची रेघ वर येते, गुरे चारणाऱ्यांना ती ठाऊक असते. मुरबाडमध्ये काळू धरणाचे काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, आता ते पुन्हा चर्चेत आहे. तिथे अजून न बुडालेल्या गावांचे चित्र काढायला अवधी आहे. पडल्यानंतर कॅमेरे खूप येतात. पडण्याआधी घर, वड, विहीर, बुद्धविहार यांचे चित्र कोण काढून ठेवतो?

यासाठी चित्रकार असावेच लागते असे नाही. १९७४ मध्ये हिरोशिमातला एक वृद्ध माणूस स्वतः काढलेले चित्र घेऊन तिथल्या एनएचके दूरदर्शन केंद्रात गेला. त्यावरून केंद्राने वाचलेल्या सर्वांनाच आवाहन केले आणि दोन हजारांहून अधिक चित्रे जमली. क्रेयॉनने, पेन्सिलीने, कुणी चित्राच्या कडेलाच मजकूर लिहून काढलेली. हात कच्चा आहे, पण शेजारीण कुठे पडली होती आणि काय म्हणत होती हे त्यात आहे.

आम्हीही एवढे सुरू केले आहे : अपघाताचा किंवा आपत्तीचा फोटो लावला तर मृतांची नावे कळताच ती त्याच फोटोखाली टाकायची, वेगळ्या बातमीत नाही. सरळांब्याच्या फोटोखाली ती आम्ही दोन वर्षे उशिरा टाकली.

भातसा, तानसा किंवा मोडकसागरात गाव गेलेल्या कुटुंबांकडे जुने फोटो असतील. लग्नाचे, शाळेच्या दारातले, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे. काळूच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांनी तर घरांचे फोटो आताच काढून ठेवावेत. ते आमच्याकडे पाठवा. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, डावीकडून उजवीकडे, म्हाताऱ्या माणसांना विचारून. पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते. मग दोन्ही बाजूंचा मोबाईलने फोटो काढा. मूळ प्रत घरीच ठेवा.